संध्याकाळी पाचनंतरचं कॉलेज

पुण्याच्या सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर ज्या संस्थेचं आहे, ती संस्था १८९४ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'स्टुडंट्स सोशल क्लब' होतं. विद्यार्थ्यांनी काढलेला क्लब. पुढे त्याचं भरत नाट्य संशोधन मंदिर झालं, स्वतःचं थिएटर उभं राहिलं, आणि मूळ नाव हळूहळू लोकांच्या बोलण्यातून गेलं. तिथे वर्षानुवर्षं नाटकं पाहणाऱ्या माणसांनाही मी हे सांगते तेव्हा नवल वाटतं. मला मात्र ते नाव फार महत्त्वाचं वाटतं. नव्या मराठी नाटकाची मुळं शोधत मागे गेलं की बऱ्याचदा आपण एखाद्या कॉलेजच्या वर्गात, वसतिगृहाच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात येऊन पोहोचतो. तिथे दिवेलागणीनंतर चार-दहा मुलं हातात वह्या घेऊन मोठ्यानं वाचत असतात.

मी बार्शीहून पुण्याला शिकायला आले ती १९८० च्या सुमारास. कॉलेजच्या नाट्यमंडळात गेले, पुढे मराठी शिकवायला लागले, आणि नोकरीतले पावसाळे विद्यार्थ्यांच्या तालमींत काढले. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही. कॉलेजातलं नाटक म्हणजे अभ्यासातून उरलेल्या वेळाची करमणूक, असं मानणाऱ्या पालकांशी, सहकाऱ्यांशी आणि संस्थाचालकांशी मी आयुष्यभर वाद घातला. तो वाद इतिहासाच्या आधारानं मांडावा, म्हणून हे लिहिते आहे.

मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ पासून मोजतो. त्या वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. सूत्रधार पदं म्हणणार, पात्रं त्या अनुरोधानं जागच्या जागी भाषण करणार, राक्षस आरोळ्या ठोकत येणार, असा तो खेळ. लोकांना तो मनापासून आवडला. पण वीस-पंचवीस वर्षांत इंग्रजी शाळा-कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पिढीला तो पुरेनासा झाला. या पिढीच्या एका हातात कालिदास-भवभूती होते आणि दुसऱ्या हातात शेक्सपिअर. १८६७ साली महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो'चं भाषांतर आलं. सगळी भाषणं आधी लिहून काढलेली, ती पाठ करून म्हणायची, हीच गोष्ट तेव्हा नवी होती. अशा नाटकांना लोक 'बुकिश' म्हणत. ही बुकिश नाटकं वाचणारा, पाठ करणारा आणि त्यातल्या माणसांच्या मनात शिरून बघणारा वर्ग कॉलेजांत तयार होत होता.

पुण्यात त्याचं मोठं ठिकाण म्हणजे डेक्कन कॉलेज. १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून त्याचा वंश निघतो. १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव आलं आणि १८६८ मध्ये कॉलेज नदीपलीकडे येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. गावापासून लांब, मोकळं, राहणारी मुलं तिथेच. इंग्रज कवी वर्ड्‌स्‌वर्थ यांचे नातू विल्यम वर्ड्‌स्‌वर्थ तिथे शिकवत. टिळक-आगरकर तिथे शिकले. त्या दोघांच्या रात्र-रात्र चाललेल्या चर्चांबद्दल मराठी माणूस शाळेपासून ऐकत आलेला आहे. आगरकरांच्या मनात त्या काळात शेक्सपिअर किती खोल गेला असेल, हे मात्र आपण फारसं बोलत नाही. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले, आणि १८८३ साली त्यांचं 'विकारविलसित' प्रसिद्ध झालं. ते 'हॅम्लेट'चं भाषांतर. समाजसुधारणेसाठी जिवाचं रान करणाऱ्या माणसानं ऐन उमेदीत हे काम हाती घेतलं. त्याला ते वेळ घालवण्याचं साधन वाटलं असेल, हे मला पटत नाही.

याच सुमारास आर्योद्धारक नाटक मंडळी पुढे आली. गोविंद बल्लाळ देवलांसारखे शिकलेले तरुण तिच्यात होते, आणि शेक्सपिअरची रूपांतरं रंगभूमीवर आणणं हे त्यांचं वेड होतं. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे पुन्हा 'ऑथेल्लो'च. पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक असलेल्या वासुदेवराव केळकरांनी 'त्राटिका' लिहिलं, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी आगरकरांच्या भाषांतराच्या आधारानं हॅम्लेट उभा केला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'नं आनंदोद्भव थिएटरात सगळं पुणं गाण्याच्या नादी लावलं होतं. त्या लाटेत गद्य नाटक बुडून जायचं ते तगलं, त्यात कॉलेजात शिकवणाऱ्या आणि शिकलेल्या या मंडळींचा वाटा मोठा आहे.

नट होणं तेव्हा घराला कमीपणा आणणारं मानलं जाई. कंपनीबरोबर गेलेला मुलगा म्हणजे घरातून गेल्यात जमा. पण कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, प्रिन्सिपॉलसमोर, आपल्याच प्रोफेसरांनी तयार करून घेतलेला प्रवेश करणं यात कुणाची अब्रू जात नव्हती. गॅदरिंगनं शिकलेल्या मध्यमवर्गाला रंगमंचावर पाऊल ठेवायला सभ्य कारण दिलं. नुसत्या करमणुकीच्या जोरावर हे झालं नसतं. सोबत अभ्यास होता, पाठांतर होतं, शिक्षकाचा धाक होता, म्हणून घरच्यांनी डोळेझाक केली.

मुलींच्या बाबतीत डोळेझाक व्हायला आणखी बराच काळ जावा लागला. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची सवय प्रेक्षकांना इतकी जडली होती की १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा ती घटना ठरली. कॉलेजांतही मुलांचं नाटक वेगळं आणि मुलींचं वेगळं, असा रिवाज पुष्कळ वर्षं होता. माझ्याआधी मराठी शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ बाई सांगत की त्यांच्या वेळी मुलींच्या नाटकात पुरुषांची कामंही मुलीच करत, मिशा काजळानं काढत, आणि प्रयोगाला फक्त बायकांना प्रवेश असे. मी कॉलेजात आले तेव्हा हे संपलं होतं. पण नाटकात काम करणाऱ्या मुलीच्या घरी कुणी तरी वडीलधाऱ्यानं जाऊन परवानगी मागायची, ही पद्धत चालूच होती. आमचे सर प्रत्येक मुलीच्या घरी स्वतः जात, चहा घेत, तालीम किती वाजता संपेल ते सांगत आणि रात्री मुलीला कोण पोहोचवेल त्याचं नाव घेत. मी वसतिगृहात राहत असे. माझ्यासाठी त्यांनी वसतिगृहाच्या बाईंना चिठ्ठी लिहून दिली होती, ती पावसानं अक्षरं फुटेपर्यंत मी दप्तरात बाळगली.

स्वातंत्र्यानंतर पुण्यात जे घडलं त्यात एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. १९५१ मध्ये प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, उभी राहिली. तिचा आधार भालबा केळकर. ते विज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्याबरोबर श्रीराम लागू होते, ते बी. जे. मेडिकलमध्ये शिकलेले, कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुढच्या पिढीतले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे, दोघेही बी. जे.चे. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. झाले आणि बी. जे.मध्येच त्यांनी अनेक वर्षं संशोधनाचं काम केलं. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आम्हा लोकांना हे मान्य करायला जड जातं, पण करायला हवं. विद्यापीठांच्या परिसरात नाटक आणि साहित्य जिवंत ठेवण्याचं काम आमच्या विभागांइतकंच, कदाचित थोडं जास्तच, शवविच्छेदन आणि परीक्षानळ्यांच्या जगातल्या मुलांनी केलं.

याचं कारण मी पुष्कळ दिवस शोधत होते. मला वाटतं, कला शाखेतला विद्यार्थी साहित्याकडे परीक्षेचा विषय म्हणून बघायला शिकतो. नाटकाचे घटक पाच की सहा, शोकात्मिकेचं लक्षण काय, हे तो लिहून मोकळा होतो. मेडिकलच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलाला नाटकाचे गुण मिळत नसतात. दिवसभराचं काम संपवून तो येतो तो फक्त ओढीनं. शिवाय त्यांची कॉलेजं निवासी, मुलं चोवीस तास आवारात. तालमीला रात्री अकरा वाजले तरी कुणाची शेवटची बस चुकत नाही. ही गोष्ट साधी आहे, पण नाट्यइतिहास लिहिणारे तिच्याकडे लक्ष देत नाहीत.

१९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्याच्या संस्थेनं आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. संस्थेचे कार्यकर्ते पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ करंडक ठेवला, म्हणून ती 'पुरुषोत्तम'. पुण्यातल्या मुलांच्या तोंडी 'यंदा पुरुषोत्तम करायचंय' एवढंच असतं, करंडक शब्दही गळून जातो. राज्य नाट्यस्पर्धा त्याआधी नऊ वर्षं, १९५४ मध्ये, सुरू झाली होती. मुंबईत विजया मेहतांची 'रंगायन' काम करत होती, तेंडुलकरांच्या एकांकिका लोकांना हादरवत होत्या. एकांकिका हा प्रकार विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला होता. तासाभराचं नाटक, पात्रं मोजकी, नेपथ्य करायला पैसे नसले तरी चालतं. कलोपासकनं स्पर्धेचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर ठेवला, आणि हा निर्णय फार दूरदृष्टीचा ठरला. श्रीमंत कॉलेज मोठा सेट लावून पुढे जाणार आणि गरीब कॉलेज मागे पडणार, अशी सोयच राहिली नाही. उघड्या रंगमंचावर दोन खुर्च्या, एक लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, आणि माणसं. त्यातून काय उभं करता ते दाखवा.

कलोपासकच्या राजाभाऊ नातूंची शिस्त हा पुण्यातल्या नाटकवाल्यांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय. वेळ म्हणजे वेळ. तिसरी घंटा झाली की पडदा वर जाणार, मग तुमच्या नायकाच्या धोतराची कास खोचून झालेली असो वा नसो. आम्ही त्या शिस्तीला घाबरत असू आणि तिच्याबद्दल अभिमानही बाळगत असू. वर्गात पंधरा मिनिटं उशिरा येणारी मुलं भरतला तासभर आधी हजर असत. लॉट काढण्याचा दिवस आला की पोटात गोळा येई, कारण कुठल्या संध्याकाळी आणि कितवा प्रयोग हे त्यावर ठरायचं. एका संध्याकाळी तीन प्रयोग. पहिला आला तर प्रेक्षक अजून स्थिरावलेले नसतात, शेवटचा आला तर परीक्षक दमलेले असतात, अशी आमची ठाम समजूत होती.

माझ्याकडे पार्श्वसंगीत होतं. तेव्हा ते कॅसेटवर चाले. एका तुकड्यासाठी एक कॅसेट, कारण प्रयोगात मागे-पुढे करायला वेळ नसे. कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून टेप नेमक्या जागी आणून ठेवायची, वर चिकटपट्टीवर क्रमांक लिहायचा, आणि विंगेत मांडीवर ओळीनं लावून बसायचं. वाक्य पडलं की बटण. हे काम करताना मी मराठी वाक्याचा शेवट ऐकायला शिकले. वाक्य कुठे थांबतं, कुठे थांबल्यासारखं वाटून पुढे जातं, नट श्वास कुठे घेतो. व्याकरणाच्या तासाला हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि पुढे कविता शिकवताना मला रोज उपयोगी पडलं ते हेच.

बाकी कामांची वाटणी अशी की कुणाला ती ठरवावी लागत नसे. कुणाच्या आईची नऊवारी, कुणाच्या आजोबांचा कोट. रंगभूषेचं सामान पुरवून वापरायचं. लेव्हली हातगाडीवर घालून लक्ष्मी रस्त्यानं ढकलत न्यायच्या, वर प्लॅस्टिकचा कागद, कारण ऑगस्टचा पाऊस. तालमी जुलैत सुरू होत. पहिले काही दिवस नुसतं वाचन, खाली सतरंजीवर बसून. मग हालचाली बसवणं. संहिता बहुधा आमच्यातल्याच कुणाची, अर्धी कच्ची, आणि तालमीतच ती पक्की होई. एखादं वाक्य नटाच्या तोंडी बसत नसलं की लेखक कोपऱ्यात जाऊन ते पुन्हा लिहून आणी. लेखक विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला, दिग्दर्शक वाणिज्यच्या तिसऱ्या, नायिका भूगोलाची. या मुलांना एरवी एकमेकांची नावंही कळली नसती.

मराठी रंगभूमीला या स्पर्धेनं काय दिलं, हे सांगताना लोक नावांची यादी देतात. यादी मोठी आहे आणि तिच्यात सिनेमातले चेहरेही आहेत. मला मात्र उदाहरण द्यावंसं वाटतं ते 'घाशीराम कोतवाल'चं. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात पीडीएनं त्याचा पहिला प्रयोग केला. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. त्यात रंगमंचावर माणसांची रांग हाच पडदा, तीच भिंत. ती रांग गाते, नाचते, झुलते, पाठ फिरवते, आणि बघता बघता सगळं पुणं त्या रांगेतून दिसायला लागतं. आता हिशेब करा. असा प्रयोग बसवायला महिनोन्‌महिने रोज संध्याकाळी इतकी माणसं एकत्र यायला हवीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकही मोठं वाक्य नाही. कुठल्या व्यावसायिक निर्मात्याला हे परवडलं असतं? ज्यांना कॉलेजात असताना गर्दीत उभं राहून नाटक करायची सवय लागली होती, ज्यांना पैसे नकोच होते, त्यांनाच ते शक्य होतं. माझ्या मते 'घाशीराम' हे विद्यार्थी रंगभूमीनं घडवलेल्या सवयींचं फळ आहे.

पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे. नाटकावर ब्राह्मणविरोधी आणि इतिहासाचा विपर्यास करणारं असे आरोप झाले, एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएनं ते थांबवलं, आणि करणारे तरुण बाहेर पडले. २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं. आमच्या वेळी त्या दौऱ्याच्या गोष्टी तालमीनंतर चहा पिताना सांगितल्या जात. सांगणारा स्वतः त्यात नसे, पण कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी सीनियर त्यात असे, आणि तेवढ्यानं आम्हाला जग जवळ वाटे.

नंतर स्पर्धा वाढल्या. पुण्यात फिरोदिया करंडक आला, त्यात नाटकाबरोबर संगीत, नृत्य, चित्रकला सगळं एकत्र गुंफायचं. मुंबईत आयएनटीची स्पर्धा आणि चतुरंगची 'सवाई', जी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. पुरुषोत्तमचीही केंद्रं पुण्याबाहेर निघाली. रत्नागिरी-कोल्हापूरची, विदर्भ-मराठवाड्याची मुलं महाअंतिम फेरीला पुण्यात येऊन आपापल्या बोलीतली नाटकं करायला लागली. पुण्याच्या प्रेक्षकाला त्यांची भाषा सुरुवातीला जरा अनोळखी वाटायची. आज त्यातल्या कित्येक एकांकिका पुण्याच्या एकांकिकांपेक्षा सरस असतात. हे मी पुणेकर होऊन चाळीस वर्षं झाल्यावर म्हणते आहे.

पुणे विद्यापीठाचं आवार तर वेगळ्याच इतिहासाचं. गणेशखिंडीतली ती उंच मनोऱ्याची इमारत मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान होती. २२ जून १८९७ रोजी राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ तिथे झाला, आणि तो आटपून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. १९४९ मध्ये त्याच आवारात विद्यापीठ आलं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आणि १९८७ मध्ये तिथे ललित कला केंद्र सुरू झालं. संगीत, नृत्य, नाट्य यांचं शिक्षण गुरुकुल पद्धतीनं देणारा विद्यापीठाचा विभाग. १९९६ मध्ये आळेकर बी. जे. सोडून त्याचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत त्यांनी तो सांभाळला. जिथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडल्या, तिथे आता मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या खेड्यांतून आलेली मुलं सकाळी झाडाखाली आवाजाचा रियाज करतात. आमच्या वेळी असं काही असतं तर माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांचं आयुष्य वेगळं झालं असतं. पण त्या केंद्रामुळे बाकीच्या कॉलेजांची जबाबदारी संपली, असं मानण्याची जी पद्धत पडते आहे ती मला धोक्याची वाटते. नाटक शिकणारे विद्यार्थी हवेत, तसे नाटक करणारे रसायनशास्त्राचे विद्यार्थीही हवेत. पहिल्यांतून कलावंत निघतील. दुसऱ्यांतून कलावंत निघतील आणि प्रेक्षकही निघेल, जो आज सगळीकडे कमी पडतो आहे.

२०२२ साली पुरुषोत्तमच्या इतिहासात पहिल्यांदाच असं झालं की परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या योग्यतेची वाटली नाही, असा त्यांचा निर्णय होता. मोठा गदारोळ झाला. मुलं रडली, माजी विद्यार्थी चिडले, वर्तमानपत्रांत पत्रं आली. मला विचारणाऱ्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते की परीक्षकांना तो अधिकार होता, आणि तो वापरायला धैर्य लागतं. दरवर्षी कुणाला तरी द्यावाच लागणाऱ्या करंडकाला किंमत राहत नाही. मुलांच्या नाटकांवर मालिकांची छाया पडली आहे, संहिता उसन्या वाटतात, हे मीही तालमींत बघत होते. पण त्या निर्णयानंतर जो प्रश्न कॉलेजांना विचारायला हवा होता, तो कुणी विचारला नाही. ही मुलं तालीम कुठे करतात?

माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात सभागृह आहे, वातानुकूलित, गुबगुबीत खुर्च्यांचं. ते मुलांना प्रयोगाच्या आदल्या दिवशी दोन तास मिळतं. एरवी संध्याकाळी पाच वाजता इमारतीला कुलूप लागतं. सुरक्षा, वीजबिल, कुणी जबाबदारी घ्यायची, अशी कारणं दिली जातात. मग मुलं कुणाच्या सोसायटीच्या गच्चीवर, बागेत, पार्किंगमध्ये उभी राहून नाटक बसवतात. गच्चीवर मोठ्यानं बोलता येत नाही, शेजारी तक्रार करतात. म्हणून मुलं पुटपुटत तालीम करतात, आणि मग परीक्षक म्हणतात, वाचिक अभिनय कच्चा आहे. सत्रपद्धतीमुळे ऑगस्ट-सप्टेंबरात अंतर्गत परीक्षा येतात, हजेरी सक्तीची, आणि संध्याकाळी थांबायला तयार असणारा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर, महिन्याला किती मिळतील याची खात्री नसलेला. आमच्या सरांसारखं घरोघर जाऊन परवानगी मागायला त्याच्याकडे वेळ कुठून येणार? याच काळात काही कॉलेजं बाहेरून दिग्दर्शक आणतात, त्याला मानधन देतात, आणि मुलं त्यानं सांगितलेल्या जागी उभी राहतात. अशानं करंडक येऊ शकतो. पण अर्धी कच्ची संहिता तालमीत पक्की करणारा लेखक त्यातून तयार होत नाही, आणि गेली साठ वर्षं या स्पर्धेनं मराठीला दिलेली सगळ्यात मोलाची माणसं तीच होती.

दर काही वर्षांनी मान्यांकनासाठी समिती येते तेव्हा कॉलेजं सांस्कृतिक उपक्रमांचे अल्बम काढून दाखवतात. फोटोत करंडक असतो, हार असतात, प्राचार्य मध्ये असतात. तालमीच्या जागेचा रकाना त्या अहवालात नसतो. तो असायला हवा. विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांनी कॉलेजांना युवक महोत्सवातल्या बक्षिसांबरोबर हेही विचारायला हवं की वर्षातून किती संध्याकाळी तुमचं आवार मुलांसाठी उघडं होतं.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक कॉलेजनं एक खोली, खुर्च्या-बाकं बाजूला सारता येतील अशी, जुलै ते सप्टेंबर रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी. एक रखवालदार, मुलींना घरी पोहोचवण्याची नीट व्यवस्था, आणि थांबणाऱ्या शिक्षकाचे ते तास त्याच्या कामात धरणं, एवढंच लागतं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे कुणी एखाद्या संस्थेच्या नियामक मंडळावर असतील, प्राचार्य असतील, किंवा माजी विद्यार्थी म्हणून ज्यांचा शब्द कॉलेजात चालत असेल, त्यांनी हे यंदा मे महिन्यातच ठरवून घ्यावं. जूनमध्ये प्रवेशाची धावपळ असते, आणि जुलैत वाचनाला सुरुवात होते.